अस्सलबरहुकूम नक्कल
(गारगोटी येथे भरलेल्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



स्वागतमंडळाने मला बोलावयास सांगितले तेव्हा मी प्रथम नकार दिला होता. मी काही वक्ता नव्हे. माझी उभी हयात सरकारी दप्तरखान्यात, लाल फडक्यांत बांधलेल्या रुमालांच्या संगतीत गेली. तेथे बोलण्याची संवय राहत नाही. उलट कागद काय बोलतो तें ऐकण्याचीच संवय जडते. परंतु कार्यवाहांनी आग्रह धरला की, "तुम्हांला जें ठाऊक आहे तेंच सांगा." त्यांच्या आज्ञेस मान देऊन मी उभा आहे, आणि जें मला ठाऊक आहे तेंच सांगणार आहे. शेवटीं एक कबुलीहि द्यावयाची आहे.

जुन्या कचेऱ्यांतून एखाद्या दस्तऐवजाची प्रत मिळे तेव्हा तिच्या तळाशी तीन शब्द असत : "अस्सलबरहुकूम नक्कल". म्हणजे मुळांत जसें आहे तसेंच येथे उतरविलें आहे. कानामात्रेचाहि फरक नाही. त्याखाली नक्कल करणाराची सही, ताडून पाहणाराची सही, आणि तारीख. या दोन सह्यांवर न्यायालये निवाडे देत आणि माणसे जमिनी सोडीत अथवा मिळवीत. कारकून कितीहि लहान असो, त्या तीन शब्दांखाली सही करतांना त्याचा हात क्षणभर थबकत असे.

आपणांपैकी अनेक कुटुंबांना या थबकण्याचा अनुभव दुसऱ्या बाजूने आलेला आहे. मुलाला जातीचा दाखला हवा असतो. मग आजोबांच्या, पणजोबांच्या शाळेतील नोंदीचा शोध सुरू होतो. शाळेचे जुने रजिस्टर निघते, त्यांत नाव सापडते, घरांत आनंदीआनंद होतो. आणि मग दिसते की, जातीच्या रकान्यांत कोणी तरी निराळ्या शाईने गिरविले आहे. छाननी समितीपुढे अशी नोंद गेली की, पहिला प्रश्न येतो : हें कोणी गिरविलें, केव्हा, कोणाच्या हुकमाने? उत्तर नसेल तर खरी नोंदसुद्धा संशयांत पडते. खाडाखोडीचें हेंच वैशिष्ट्य आहे. ती खोट्याला खरें करूं शकत नाही. पण खऱ्याला मात्र खोटें ठरवूं शकते.

लेखी नोंदीविषयी आपण एवढे जागरूक असतो. मग चित्राविषयी आणि छायाचित्राविषयी का नसावे? आजचा माझा विषय हाच आहे.

सातासमुद्रांपलीकडचा एक प्रसंग सांगतो. अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथे त्या देशाचे राष्ट्रीय अभिलेखागार आहे. त्यांचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा आणि त्यांची मूळ राज्यघटना तेथे ठेवलेली आहे. त्या अभिलेखागाराचे स्वतःचे वस्तुसंग्रहालय असून २०१९ साली तेथे स्त्रियांच्या मताधिकाराच्या शतकाचे प्रदर्शन मांडण्यात आले. प्रवेशाजवळ एक भव्य छायाचित्र होते. एका बाजूने पाहिले तर १९१३ साली मताधिकारासाठी निघालेली स्त्रियांची मिरवणूक दिसे. दुसऱ्या बाजूने पाहिले तर त्याच राजमार्गावरील २१ जानेवारी २०१७ चा स्त्रियांचा प्रचंड मोर्चा दिसे. हा दुसरा मोर्चा डोनाल्ड ट्रंप यांनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतल्याच्या दुसऱ्या दिवशीचा. मारिओ तामा नांवाच्या वृत्तछायाचित्रकाराने तें टिपले होते.

जानेवारी २०२० मध्ये 'वॉशिंग्टन पोस्ट' या वृत्तपत्राने दाखवून दिले की, त्या भिंतीवरील छायाचित्र जसेच्या तसे नाही. मोर्चांतील स्त्रियांच्या हातांत जे फलक होते त्यांतील काही शब्द अंधुक करून टाकले होते. राष्ट्राध्यक्षांचे नाव दोन फलकांवरून पुसले होते. स्त्रीदेहाच्या अवयवांची नावेहि पुसली होती. पुसल्याची सूचना मात्र कोठेंहि नव्हती. अधिकाऱ्यांचे म्हणणे असे की, आमची संस्था पक्षातीत आहे, प्रचलित राजकारणांत तिने ओढली जाऊं नये. शिवाय प्रदर्शन पाहावयास शाळकरी मुले येतात. हें म्हणणे अगदीच टाकाऊ होते असे मी म्हणणार नाही. अडचण खरी असेल. पण अडचणीवर सरळ उपाय होते. दुसरे छायाचित्र निवडतां आले असते. अथवा शब्द झांकले आहेत अशी एक ओळ खाली लिहितां आली असती. तें झाले नाही.

बातमी आली आणि एका दिवसांत, १८ जानेवारीला, अभिलेखागाराने चूक झाल्याचे कबूल करून जाहीर माफी मागितली. छायाचित्र उतरविण्यात आले व पुढे मूळ स्वरूपात लावण्यात आले. त्यांच्या निवेदनांत एक खुलासा होता : हें छायाचित्र आमच्या संग्रहांतील अभिलेख नव्हे, परवाना घेऊन केवळ प्रदर्शनासाठी वापरलेले चित्र आहे; अभिलेखांत आम्ही कधीहि फेरफार केलेला नाही. दप्तरखान्यांतील माणूस म्हणून हा भेद मला समजतो. परंतु पाहणाराला तळघरांतील पेट्या दिसत नाहीत, त्याला भिंत दिसते. ज्या घरांत अस्सल कागद जपले जातात त्या घराच्या भिंतीवरील प्रत्येक नकलेवर पाहणारा मनोमन "अस्सलबरहुकूम" हा शेरा वाचत असतो. तो विश्वास हीच त्या घराची खरी मालमत्ता होय.

माफी मागून प्रकरण मिटले असे समजणारे तेथेहि असतील. पण तेथील जाणत्या नागरिकांनी त्यापुढचे पाऊल टाकले. त्यांच्याकडे १९६६ पासून माहितीच्या स्वातंत्र्याचा कायदा आहे. त्याखाली अर्ज गेले : हा निर्णय कोणी सुचविला, कोणी मान्य केला, कोणाकोणांत काय पत्रव्यवहार झाला, तो कागद दाखवा. मला या प्रकरणांतील हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. माफी ही एका दिवसाची असते, कागद टिकतो. आणि निर्णय कोणत्या वाटेने झाला हें कळल्यावांचून तो पुन्हा होणार नाही, याची हमी कोण देणार?

योगायोग असा की, त्याच जानेवारी २०२० मध्ये आपल्या दिल्लीतहि असाच एक प्रश्न उभा राहिला. ज्या वास्तूंत ३० जानेवारी १९४८ रोजी महात्माजींची हत्या झाली त्या गांधी स्मृतींतून, आंरी कार्तिये-ब्रेसाँ या विख्यात फ्रेंच छायाचित्रकाराने टिपलेली त्या अखेरच्या काळांतील छायाचित्रे काढून त्यांच्या जागी चित्रपडदे बसविल्याचा आक्षेप महात्माजींचे पणतू तुषार गांधी यांनी जाहीरपणे घेतला. व्यवस्थापनाने ही आधुनिकीकरणाची बाब असल्याचे सांगितले. कोण बरोबर, कोण चूक, याचा निवाडा मी येथे करीत नाही. पण तो निवाडा करण्याचे साधन आपल्या हातीं आहे, आणि तें वापरण्यास आपण शिकले पाहिजे, एवढेच माझे सांगणे आहे.

हें साधन म्हणजे माहितीचा अधिकार. स्वीडन देशाने १७६६ सालीच सरकारी कागद प्रजेला दाखविण्याचा कायदा केला होता. आपल्याकडे तें येण्यास २००५ साल उजाडावे लागले. महाराष्ट्र मात्र त्या आधीच जागा झाला होता. अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर आपल्या राज्याचा कायदा २००२ साली झाला. पुढे देशाचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून अंमलांत आला. त्यांतील 'अभिलेख' या शब्दाच्या व्याख्येत नस्ती आणि हस्तलिखित आहे, तशीच प्रतिमेची प्रतिकृतीहि आहे. म्हणजे चित्र हें कायद्याच्या दृष्टीने कागदाइतकेच बोलके आहे.

एखाद्या सरकारी वस्तुसंग्रहालयातील छायाचित्रात फेरफार झाल्याचा आपणांस संशय आला, तर काय करावे? प्रथम, रागाने पत्र लिहूं नये. आपल्या लोकांची संवय अशी की, अर्जांत विचारतात : "असे का केले? तुम्हांला लाज कशी वाटली नाही?" मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा येथील खंडपीठाने २००८ साली स्पष्ट केले आहे की, माहिती म्हणजे कार्यालयांत असलेली नोंद, "का" या प्रश्नाचे नव्याने स्पष्टीकरण देण्यास अधिकारी बांधलेला नाही. म्हणून प्रश्न मागूं नये, कागद मागावा. मी माझ्या अनुभवावरून पांच गोष्टी सांगतो.

पहिली, मूळ छायाचित्र संग्रहांत कोणत्या नोंदवहींत, कोणत्या क्रमांकाने दाखल आहे त्या पानाची प्रत. दुसरी, प्रदर्शनाच्या नस्तीतील टिपणीची पाने, म्हणजे ज्यांवर कनिष्ठाचा प्रस्ताव आणि वरिष्ठाचा शेरा असतो ती. तिसरी, छपाई करणाराला दिलेला कार्यादेश व त्याला पाठविलेल्या सूचना. चौथी, छायाचित्रकाराशी अथवा चित्राच्या मालकाशी झालेला पत्रव्यवहार. पांचवी, मूळ व प्रदर्शित अशी दोन्ही चित्रे शेजारीशेजारी ठेवून पाहण्याची परवानगी. कारण कायद्याने नुसती प्रत नव्हे, प्रत्यक्ष पाहणीहि मागतां येते.

आपल्या राज्याच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि साधारणतः दीडशे शब्दांच्या आंत असावा लागतो. तो मराठीत चालतो. त्यावर दहा रुपयांचा न्यायालय शुल्क मुद्रांक लावावा. माहिती कशासाठी हवी हें सांगण्याचे बंधन नाही; कोणी विचारले तर नम्रपणे कायद्याकडे बोट दाखवावे. कागद दुसऱ्या कार्यालयाकडे असेल तर अर्ज तिकडे पाठविण्याची जबाबदारी त्यांची, आपली नव्हे. तीस दिवसांत उत्तर यावे. न आल्यास अथवा असमाधानकारक आल्यास तीस दिवसांत त्याच कार्यालयातील वरिष्ठाकडे पहिले अपील, आणि त्यानंतर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे. अकारण माहिती अडविणाऱ्या अधिकाऱ्यास दररोज अडीचशे रुपये, जास्तीत जास्त पंचवीस हजारांपर्यंत दंड होऊं शकतो. कधी कधी सांगतात, छायाचित्राचे हक्क दुसऱ्याचे आहेत, म्हणून कांहीच देतां येत नाही. ती अडचण फार तर चित्राच्या प्रतीपुरती असेल. कार्यालयाने स्वतः लिहिलेली टिपणी तिच्याआड लपूं शकत नाही. दाखवितां येण्याजोगा भाग वेगळा काढून द्यावा, असे कायदाच सांगतो.

कित्येकदा उत्तर येते, "अभिलेखांत आढळत नाही." तेंहि उत्तर मौल्यवान असते. २०१२ साली लखनौच्या एका शाळकरी मुलीने विचारले की, महात्मा गांधींना राष्ट्रपिता ही पदवी ज्या आदेशाने दिली त्याची प्रत द्या. तिचा अर्ज पंतप्रधानांच्या कार्यालयातून गृहमंत्रालयाकडे आणि तेथून राष्ट्रीय अभिलेखागाराकडे गेला; आणि उत्तर आले की, असा कागद नाही. एका मुलीच्या साध्या प्रश्नाने सर्व देशाला कळले की, ही पदवी सरकारने दिलेली नाही, लोकांनी दिलेली आहे. आपल्या मुलामुलींनी असे प्रश्न विचारावेत, हीच माझी इच्छा आहे.

कोणी म्हणेल, चित्रांतील एखाद्या शब्दाचे एवढे काय? त्यांना मी आपल्याच घरचे उदाहरण देतो. एके काळी शिवछत्रपतींचे म्हणून जें चित्र घरोघर पुजले जाई, तें महाराजांचे नव्हतेच. दुसऱ्याच एका सरदाराचे होते. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी जुने कागद चाळून महाराजांचे विश्वसनीय चित्र शोधून काढले आणि ती चूक दुरुस्त केली. ज्या राजाचे नाव घेतल्याशिवाय आपला दिवस सुरू होत नाही, त्याच्या मुद्रेविषयीहि महाराष्ट्र चुकला होता. तो सावरला कागदामुळेच. आणि फेरफार करणाराचा हेतु जेथे वाईट असतो तेथे काय होते, तें रशियात दिसले. स्टालिनशेजारी कालव्याच्या काठी उभा असलेला येझॉव्ह हा त्यांचा पोलीसप्रमुख मर्जीतून उतरला, मारला गेला, आणि मग छायाचित्रातूनहि नाहीसा झाला. त्याच्या जागी कालव्याचे पाणी रंगविले गेले.

सर्वच फेरफार पाप आहे, असे मात्र नव्हे. आपल्या कोल्हापुरात छायाचित्रकार काचेवर पेन्सिल चालवून चेहऱ्यावरील देवीचे व्रण सौम्य करीत. लग्नाच्या छायाचित्रात शालूला रंग भरीत. जुन्या छायाचित्रावरील बुरशीचा डाग काढणे ही तर सेवाच आहे. सीमारेषा कोठे आहे? पाहणाराला जें कळले असते तें कळूं नये, म्हणून केलेला आणि न सांगितलेला बदल, ही ती रेषा. घरच्या भिंतीवर ती ओलांडली तर घरचा प्रश्न. सार्वजनिक भिंतीवर ओलांडली तर सर्वांचा. आपल्या गारगोटीला हें सांगावयास नको. १३ डिसेंबर १९४२ रोजी येथील कचेरीवर चालून गेलेल्या क्रांतिकारकांपैकी सात वीरांनी प्राण दिले. त्या धुमश्चक्रीत छायाचित्र कोण काढणार? त्यांची स्मृति नावांत आहे आणि कागदांत आहे. उद्या कोणी त्या सातांतील एक नाव सोयीसाठी अंधुक केले, तर आपण स्वस्थ बसूं काय?

आता ती कबुली. चाळीसएक वर्षांपूर्वी आपल्या स्मरणिकेच्या संपादनाचे काम मजकडे होते. जुन्या वसतिगृहाचे एक सामुदायिक छायाचित्र आम्हांस मिळाले. मध्यभागी देणगीदार, भोवती विद्यार्थी, आणि अगदी उजव्या कडेला, जरा मागे, एक नऊवारी नेसलेली बाई. ती वसतिगृहात भाकऱ्या थापीत असे. पानांत जागा अपुरी होती. ठसा करणाऱ्याने विचारले, "ही कड कापूं का?" मी "कापा" म्हणालो. माझ्या मनांत कसलाहि दुष्टावा नव्हता. ती आपल्या ज्ञातीची नव्हती, म्हणून कापली असेहि मी म्हणणार नाही. पण ती आपल्या ज्ञातीची असती, देणगीदाराच्या घरची असती, तर मी पानांत जागा केली असती. तेवढे मला ठाऊक आहे.

पुढे बऱ्याच वर्षांनी तिचा नातू दप्तरखान्यांत एका उताऱ्यासाठी आला. काम झाल्यावर म्हणाला, "आण्णा, तुमच्या पुस्तकांत आमची आजी नाही." त्याच्या घरी तेंच छायाचित्र काचेच्या चौकटीत होते, पूर्ण. मी संस्थेच्या कपाटात शोधले. मूळ प्रत सापडली नाही, आणि ती कड कोणी कापली याची नोंदहि कोठे नव्हती. जो मनुष्य जन्मभर इतरांच्या नस्तीवर "कोणाच्या आदेशाने?" असे शेरे मारीत होता, त्याने स्वतः आदेश दिला होता आणि कागद ठेवला नव्हता. त्या बाईचे नावहि आम्हां कोणास ठाऊक नव्हते. आम्ही तिला मावशी म्हणत असूं. स्वतंत्र भारताची पहिली मतदारयादी झाली तेव्हा सुमारे अठ्ठावीस लाख स्त्रियांची नोंद गाळावी लागली होती, कारण त्यांनी स्वतःचे नाव न सांगतां अमक्याची बायको, तमक्याची आई एवढेच सांगितले होते. ती बातमी वाचून मी पूर्वी हळहळलो होतो. माझ्या हातून काय झाले तें मला त्या नातवाने दाखविले.

म्हणून या संमेलनापुढे मी तीन सूचना ठेवतो. नातवाने आपली प्रत उसनी दिली आहे; तें छायाचित्र या स्मरणिकेत पूर्ण छापावे, आणि खाली, पूर्वी तें अपुरे छापले गेले होते असे स्पष्ट लिहावे. दुसरी, संस्थेने छायाचित्रांची एक नोंदवही ठेवावी : चित्र कोणाकडून आले, त्यांत कोण आहेत, छापतांना काय बदल केला आणि कोणी. तिसरी, दरवर्षी आपल्या चार मुलामुलींना माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहिण्यास शिकवावे. कोल्हापूरचे पुरालेखागार आणि टाऊन हॉलमधील वस्तुसंग्रहालय त्यांना दाखवावे. ज्या गावांत जे. पी. नाईक यांनी मौनी विद्यापीठासारखी संस्था उभारली, तेथे एवढे शिकणे आणि शिकविणे जड जाऊं नये.

सरकारकडे आपण अस्सल मागूं, तें मागण्याचा आपला अधिकारच आहे. परंतु मागणाऱ्याने आपले दप्तर आधी नीट लावावे. मावशीचे नाव नातवाने मला सांगितले आहे. छायाचित्राखाली तें इतरांच्या बरोबरीने येईल, आणि त्याच्या तळाशी मी माझ्या हाताने ते जुने तीन शब्द लिहून सही करणार आहे.